खण, काठवट आणि झाडाचा धनी

घर आवरून ठेवण्यासाठी लाकडी तबके विकण्याची एक नवी रीत अलीकडे शहरी बाजारात चांगलीच रुळली आहे. किल्ल्या, चष्मे, औषधांच्या पट्ट्या, लेखण्या, मसाल्यांच्या बाटल्या अशा नित्य हरवणाऱ्या वस्तूंना हक्काची जागा देणारी ही तबके दिसायला देखणी असतात, हाताला सुखद लागतात आणि त्यांच्या तळाशी बहुधा एक शिक्का असतो : शाश्वत पद्धतीने निर्मित. तबकांशी आमचे भांडण नाही. आमचे कुतूहल आहे ते शिक्क्यावरील विशेषणाविषयी. 'शाश्वत' हा शब्द आपल्याकडे आत्म्याला, धर्माला, फार तर कीर्तीला लावत. तो फळीला कधी लागला नव्हता. फळीला लागत असे तो 'टिकाऊ' हा साधा शब्द, आणि त्याचा अर्थ इतकाच की ही वस्तू नातवापर्यंत पोचेल. लाकूड कोणत्या झाडाचे, ते झाड कोणाचे, आणि तोडताना त्याच्या धन्याला कोणी विचारले होते काय, हे प्रश्न दोन्ही विशेषणांच्या पोटात दडून राहतात. आपल्या घरांतल्या लहानसहान लाकडी भांड्यांचा इतिहास चाळू लागलो तेव्हा आम्हांस असे दिसून आले की, तो कारागिरीचा इतिहास जेवढा आहे त्याहून अधिक लाकडावरील हक्कांचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'तबक' हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि येताना दरबारी थाट घेऊन आला. तबकात विडे येतात, अत्तरगुलाब येतो, ओवाळणीचे साहित्य येते. तबक मिरवण्यासाठी असते आणि ते बहुधा धातूचे असते. 'परात' पोर्तुगीजांकडून आली असे मानतात. याउलट जे भांडे कामाचे, ज्यात रोज पीठ मळायचे, ते 'काठवट'. त्याच्या नावात 'काष्ठ' आहे, ते कोठून उसने आणावे लागले नाही. पाट, पोळपाट, रवीचा दांडा, फणेरपेटी, कलमदान, मिसळणाचा डबा, हा सगळा गोतावळा लाकडाचाच. (शब्दाच्या कुळावरून वस्तूचे कूळ ठरवणे धोक्याचे आहे, हे आम्ही जाणतो, पण येथे शब्द आणि वस्तू एकमेकांना दुजोरा देतात.)

या गोतावळ्यातला आम्हांस सर्वांत अर्थगर्भ वाटणारा शब्द मात्र 'खण' हा आहे. जुन्या लाकडी घराचे माप फुटांत नव्हे, खणांत सांगत. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण. दोन खणी घर, तीन खणी सोपा, पाच खणी माडी अशी घराची ऐपत सांगितली जाई. हाच खण कपाटात आला आणि ओढून उघडता येणारा कप्पा झाला. मिसळणाच्या डब्यात शिरला आणि मोहरी-हळदीची कोठडी झाला. चोळीच्या कापडालाही त्याने आपले नाव दिले. म्हणजे तुळईने घराचे जे भाग पाडले तेच भाग लहान होत होत मिठामिरचीच्या डब्यापर्यंत उतरले. तमिळ घरांतही मसाल्याच्या लाकडी डब्याला 'अंजरैप्पेट्टी' म्हणजे पाच खोल्यांची पेटी म्हणतात. तेथेही कप्प्याला खोलीचेच नाव आहे. आजचे खणाखणांचे तबक ज्या गरजेतून जन्मले ती गरज नवी नाही, आणि तिचे व्याकरण तर मुळीच नवे नाही.

आता काठवट. ही एका अखंड ओंडक्यातून कोरून काढलेली पसरट, उथळ परात. सुताराने वाकसाने आतला भाग तासत न्यायचा, काठ जाड ठेवायचा आणि तळ जमिनीवर डगमगणार नाही इतका सपाट करायचा. भाकरीचे पीठ मळताना तळहाताच्या रेट्याने पितळेची परात सरकते; काठवट जागच्या जागी बसून राहते. ती पडली तरी चेपत नाही, फुटत नाही. चिरलीच तर पत्र्याची पट्टी मारून आणखी काही वर्षे चालते. गावातला सुतार हा बलुतेदार. नांगर, कुळव, पाभर नीट ठेवणे हे त्याचे वतनी काम आणि त्याचा मोबदला खळ्यावरच्या धान्यात. या व्यवहाराचे तपशील ज्यांना हवेत त्यांनी त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ मधले 'गावगाडा' पाहावे. आत्रे बलुतेदारीकडे मायेने पाहत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्या पुस्तकाचा उपयोग अधिक.

लाकडी भांड्याचे एक वैशिष्ट्य धर्मशास्त्रकारांच्याही नजरेतून सुटले नव्हते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात निरनिराळ्या द्रव्यांची शुद्धी कशाने होते ते सांगितले आहे. तेथे लाकडी भांडे तासले म्हणजे शुद्ध होते असा निर्णय आहे. शुद्धाशुद्धतेचा त्या ग्रंथातला सारा पसारा बाजूला ठेवून केवळ वस्तूच्या अंगाने पाहिले तर यात एक पक्के निरीक्षण आहे : मडके बाटले तर फोडावे लागते, लाकडाचा मात्र एक पापुद्रा काढला की आत नवे भांडे असते. बौद्ध भिक्षूंना मात्र लाकडी भिक्षापात्र वर्ज्य झाले. चंदनाच्या पात्रासाठी पिंडोल भारद्वाजाने ऋद्धीचे प्रदर्शन केले, तेव्हा बुद्धाने त्या पात्राचे तुकडे करवले आणि लोखंडाची व मातीची पात्रे तेवढी राखली, अशी कथा विनयपिटकात आहे. श्वेतांबर जैन साधूंच्या हाती लाकडी पात्रे आजही दिसतात. एकच द्रव्य एका पंथाला मोहाचे वाटले, दुसऱ्याला अपरिग्रहाचे. असो, आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भेद झाडाझाडांतला आहे.

कारण सगळी लाकडे घरात सारख्याच हक्काने येत नसत. साग आणि शिसव ही थोरामोठ्यांची झाडे. तुळया, खांब, गलबतांचे सांगाडे, तोफांचे गाडे यांसाठी ती राखलेली. काठवट, पाट, डबे, खेळणी यांच्या वाट्याला येई ते उरलेसुरले : फळ देईनासा झालेला आंबा, वादळात उन्मळलेला फणस, कुंपणातला पांगारा. आपल्या पूर्वजांनी पर्यावरणाचा विचार करून दुय्यम लाकूड वापरले, असे गोड चित्र अलीकडे रंगवले जाते. आम्हांस ते पटत नाही. चांगल्या लाकडावर दुसऱ्याचा हात होता, म्हणून स्वयंपाकघराने मिळेल त्यात भागवले. आणि भागवता भागवता त्या लाकडाचे गुण ओळखले. ही काटकसर सद्गुणातून नव्हे, तर सत्तेच्या रचनेतून आली होती.

ती रचना कशी होती हे ज्या एका मराठी ग्रंथातून विलक्षण स्पष्टपणे दिसते तो ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र'. झाडे तोडू नका असे सांगणारे 'शिवाजी महाराजांचे पत्र' म्हणून त्यातला एक उतारा भिंतीभिंतींवर आणि पडद्यापडद्यांवर फिरत असतो. वस्तुस्थिती अशी की, हा मजकूर १७१५ च्या सुमाराचा, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी कोल्हापूरच्या संभाजी राजांच्या कारकिर्दीत सिद्ध झालेला राजनीतीचा ग्रंथ आहे. अमात्यांनी थोरल्या महाराजांची राज्यपद्धती जवळून पाहिली होती आणि ग्रंथात तिचे प्रतिबिंब आहे, हे खरेच. पण उतारा ज्या प्रकरणात आहे ते प्रकरण वृक्षप्रेमाचे नाही, आरमाराचे आहे. आणि येथेच त्याची खरी किंमत आहे. लढाऊ जहाजांसाठी लाकूड हवेच आहे, तरी ते कोठून घ्यावे आणि कोठून घेऊ नये, याचा तो विचार आहे.

अमात्य सांगतात त्याचा आशय असा. साग, शिसवासारखी लाकडे स्वराज्यातल्या अरण्यातून हुजूरची परवानगी घेऊन तोडून न्यावीत. याशिवाय जे लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा आणि फणस यांचेही लाकूड आरमाराच्या उपयोगी आहे, पण त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी जपून वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. दुसऱ्याला दुःख देऊन केलेले कार्य करणाऱ्यासह लवकरच नाहीसे होते आणि त्या पीडेचा दोष धन्याच्या माथी येतो. एखादे झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर त्याच्या धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने ते न्यावे. जबरदस्ती मुळीच करू नये.

हा परिच्छेद आम्ही अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी आमची नजर एकाच ठिकाणी अडते. अमात्यांना झाडाचे वय महत्त्वाचे वाटते, त्याचे फळ महत्त्वाचे वाटते. परंतु जीर्ण झालेल्या, निरुपयोगी झाडाच्या बाबतीतही ते धन्याची राजीखुशी सोडत नाहीत. झाड कामातून गेले म्हणजे त्याच्यावरचा हक्कही गेला, असे ते मानत नाहीत. आजच्या शाश्वततेच्या जाहिरातीत 'फळ देणे थांबलेल्या आंब्याचे लाकूड' हा युक्तिवाद हमखास असतो. अमात्यांच्या लेखी तो युक्तिवाद अर्धाच ठरला असता. या आज्ञा प्रत्यक्षात कितपत पाळल्या गेल्या हा प्रश्न वेगळा. राजनीतीचा ग्रंथ आणि किनाऱ्यावरचा अंमलदार यांच्यात नेहमीच अंतर असते. तरी आरमारासारख्या निकडीच्या कामासमोर रयतेचे झाड उभे करून, निकडीलाच थांबायला सांगणारा हा विचार असाधारण आहे.

पुढच्या शतकात निकडीला थांबवणारे कोणी उरले नाही. मुंबईच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून आले आणि त्यांच्या घराण्याने सागवानी जहाजे बांधण्यात जगभर नाव कमावले. १८१३ मध्ये बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस'वर पुढे १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला; १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. मुंबईच्या सुतारांच्या कसबाचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्या सागाचा हिशेबही विचारावा. मलबारच्या सागासाठी कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांना संरक्षक नेमले. संरक्षण कशाचे, तर कंपनीच्या पुरवठ्याचे. तेथील जमीनमालकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८२३ मध्ये टॉमस मन्रो यांनी ती व्यवस्थाच मोडीत काढली. ते फार दिवस टिकले नाही. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक झाले, आगगाडी आली, तिच्या रुळांखाली घालायला लाकूड लागू लागले, आणि १८६५ व १८७८ च्या कायद्यांनी जंगलाचा धनी कोण या प्रश्नाचे उत्तर कागदावर पक्के केले. ठाणे-कुलाब्याकडच्या शेतकऱ्यांच्या आणि वारल्या-कातकऱ्यांच्या राबाचे, सरपणाचे, औतांच्या लाकडाचे हाल इतके झाले की सरकारला १८८० च्या दशकात चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. नांगराच्या लाकडाची ही कथा, तर काठवटीला कोण विचारतो?

आणि तरीही याच काळात दक्षिण कोकणच्या एका लहानशा संस्थानात, कोणाला नको असलेल्या लाकडावर एक मोठी कला उभी होती. सावंतवाडीचे लाखकाम हे आमच्या मते या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिसऱ्या खेम सावंतांच्या आश्रयाने येथे गंजिफांची कला बहरली. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, मिळून एकशेवीस गोल पाने. ती ज्या चितारी कारागिरांनी रंगवली त्यांनीच पाट, चौरंग, पाळणे, देव्हारे, डबे आणि तबकेही रंगवली. चितार आळी हे त्यांच्या वस्तीचे नाव गावात अजून आहे. लाकडी फळे, भातुकली, बाहुल्या ही त्यांची बाजारातली ओळख.

या खेळण्यांचे लाकूड पांगाऱ्याचे. पांगारा हे तसे कोणाच्या खिजगणतीत नसलेले झाड. फांदी तोडून पावसाळ्यात रोवली की ती जगते, म्हणून कुंपणाला पांगारा. पानमळ्यात वेलीला आधार हवा, म्हणून पांगारा. मिरीचा वेल चढवायचा, म्हणून पुन्हा पांगारा. लाकूड पांढुरके, हलके, मऊ. जहाजाला निरुपयोगी, तुळईला निरुपयोगी, भोके पाडणाऱ्या किड्यांना मात्र अत्यंत प्रिय. म्हणजे कोणत्याही सरकाराने त्याच्यावर हक्क सांगावा असे त्यात काही नव्हते. कारागिराने नेमके हेच लाकूड उचलले. मऊ असल्याने ते हत्याराला झटकन वश होते. त्याच्या दुर्बळपणावरचा उपाय म्हणजे लाख. लाख हीसुद्धा जंगलातलीच. पळस, बोर, कोशिंब यांच्या फांद्यांवर एक लहानसा कीटक जो राळेसारखा स्राव सोडतो तो खरवडून, वितळवून, गाळून लाख तयार होते. खरादीवर वस्तू गरगर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी तिच्यावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाला कातडीसारखी चिकटते. पाट किंवा तबक यांसारख्या सपाट वस्तू खरादीवर चढत नाहीत. त्यांच्यावर आधी चित्र काढायचे आणि मग लाखेचे रोगण द्यायचे. दोन्ही रीतींत लाख नुसती सजावट करत नाही. ओल आणि कीड यांना अडवून ती क्षुद्र लाकडाला आयुष्य देते. कर्नाटकात चन्नपट्टणला हेच काम काळ्या कुड्याच्या लाकडावर होते, आणि तेही झाड असेच : तोडल्यावर खोडातून पुन्हा फुटणारे.

विसाव्या शतकात या कलेला दोन बाजूंनी ओहोटी लागली. छापील पत्त्यांनी गंजिफा मारली आणि डबाबंद रंगांनी लाख. घरातल्या लाकडी भांड्यांचे म्हणाल तर आधी पितळ, मग ॲल्युमिनियम आणि शेवटी स्टेनलेस स्टील यांनी त्यांची जागा घेतली. मिसळणाचा डबा गोल झाला, त्याचे खण जाऊन त्यात वाट्या आल्या. (स्टीलला नावे ठेवण्याची एक फॅशन आहे. ज्या बाईने तुटक्या खणातून तिखट-हळद एकत्र झालेली निवडली असेल तिला तो गोल डबा सुटकेसारखाच वाटला असणार, हे विसरू नये.) सावंतवाडीत गंजिफा जाणणारे एखाद-दुसरे वृद्ध कारागीर उरले होते तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी स्वतः ती विद्या समजून घेतली आणि १९७० च्या दशकात राजवाड्यातच कार्यशाळा चालवली. गंजिफा खेळणारे उरले नव्हते, तेव्हा गंजिफेतली मत्स्य-कूर्मांची चित्रे तबकांवर, डब्यांवर, चौरंगांवर उतरवावीत ही युक्ती याच पुनरुज्जीवनातली. खेळ गेला, पण खेळाची चित्रे घर आवरण्याच्या कामी आली. शिवरामराजे १९९५ मध्ये आणि सत्वशीलादेवी २०१८ मध्ये निवर्तल्या. काम पुढे चालू राहिले.

आज दुकानात मिळणारे शाश्वत तबक मात्र बहुधा सावंतवाडीचे नसते. ते जोधपूर किंवा सहारनपूरकडचे, आंब्याच्या किंवा शिशमाच्या लाकडाचे असते. शिशमाची कथा मोठी उद्बोधक आहे. आपली शिसव आणि उत्तरेचा शिशम ही एकाच कुळाची झाडे. या कुळातील झाडांची जगभर चाललेली चोरटी तोड थांबवण्यासाठी २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत अख्खे कूळच आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या यादीत घालण्यात आले. २०१७ च्या आरंभापासून शेताच्या बांधावर वाढलेल्या शिशमाचे लहानसे तबकही कागदपत्राविना परदेशी जाईना. कारागिरांनी आणि निर्यातदारांनी हाकाटी केली, आणि २०२२ च्या पनामा परिषदेत दहा किलोपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना सवलत मिळाली. नियम गैर होता असे आम्ही म्हणणार नाही. पण अरण्यातले झाड आणि बांधावरचे झाड हा जो भेद अमात्यांना १७१५ मध्ये सहज दिसला होता, तो आंतरराष्ट्रीय सभागृहाला काही वर्षांनी, आणि तोही वजनाच्या काट्यावर, मान्य करावा लागला, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.

लाकूड जबाबदारीने घेतल्याची ग्वाही देणारी १९९३ ची वनसंवर्धन परिषद तिच्या तत्त्वांत स्थानिक लोकांच्या संमतीचा उल्लेख करते, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु तिचा प्रमाणपत्राचा खटाटोप मोठ्या वनांना जसा परवडतो तसा चार आंब्यांच्या धन्याला परवडत नाही. आपल्याकडे तर संमतीची दिशाच उलटली आहे. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाने साग, आंबा आदी झाडे अनुसूचीत घातली आणि स्वतःच्या शेतातले तसले झाड तोडण्यासाठीही धन्याला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागू लागली. अमात्यांच्या काळी सरकारने धन्याला राजी करायचे होते. आता धन्याने सरकारला. यातून झाडे वाचलीही असतील, परंतु उभे झाड ठोक भावाने विकत घेणारा व्यापारी, परवानगीच्या फेऱ्यांना कंटाळलेला शेतकरी आणि तबकावरचा शिक्का यांच्यामध्ये नेमके काय घडते, ते शिक्का सांगत नाही.

पांगारा मात्र या अनुसूचीत नाही, निर्यातीच्या यादीत नाही, कोणाच्याच यादीत नाही. त्याच्यावर संकट आले ते कायद्याकडून नव्हे. जेमतेम दीड मिलिमीटर लांबीची एक गांधीलमाशीच्या जातीची माशी त्याच्या कोवळ्या पानांत आणि देठांत अंडी घालते. पानांवर गाठी येतात, शेंडे वाकडे होतात, झाड खंगत जाते. शास्त्रज्ञांनी या माशीला नाव दिले ते २००४ मध्ये. २००६ च्या सुमारास केरळातून ती आल्याची नोंद झाली. तेथे पांगाऱ्यावर मिरीचे वेल चढवलेले असतात, म्हणून मिरीवाल्यांनी आरडाओरडा केला आणि संशोधक धावले. खेळणी आणि तबके करणाऱ्या चिताऱ्याला त्या झाडाच्या आजाराची दाद कोणाकडे मागायची, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.